वजदीने बांधलेला भोपळा

अताया, करकना बेट
६ सप्टेंबर

सिहेम,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. मुख्तार भावजी रोज फेरीबोटीने तुमच्या स्फाक्सला जातात, त्यांच्या हाती देते आहे. तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात चुलीपाशी बसवून तूच मला लिहायला शिकवलंस. शिकवलंस तर आता वाचायचाही त्रास घे.

इकडे परसात घाई आहे. मिरच्या लाल झाल्या, त्यांच्या माळा करून भिंतीवर सोडल्या. अर्ध्या कुटून हरिसाची चटणी केली. लसूण जास्त पडला, तू असतीस तर नाक मुरडलं असतंस. टोमॅटोची शेवटची तोड झाली, झाडं उपटून गाढवापुढे टाकली. आता गाजर, सलगम आणि बडीशेपेचे वाफे धरले आहेत. उन्हाळा निघालाय पण जात नाही, उंबऱ्यात उभं राहून बोलत बसणाऱ्या पाहुण्यासारखं त्याचं चाललंय.

मुख्तार भावजी सांगत होते, तुझ्या वडिलांकडे कुणी शाळामास्तर संध्याकाळी चहाला येतात. मी काही विचारलं नव्हतं. भावजींच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला माहीत आहे. मी म्हटलं, "चहा काय, सगळेच पितात." तर म्हणाले, "वैनी, चहाला आलेला माणूस चहाकडे बघतो. हा दाराकडे बघतो." मी विषय तिथेच तोडला.

सिहेम, तू माझ्या मुलाची बायको आहेस. तो नावेने समुद्रापलीकडे, परदेशी जायला निघाला, एवढंच मला माहीत आहे. नाव उलटली हे खरं. माणसं बुडाली हे खरं. शेजारच्या शेदलियाचा पोरगा अनीस त्याच नावेत होता, तो वाहत किनाऱ्याला लागला आणि आपण सगळ्यांनी त्याला मातीत ठेवलं, हेही खरं. पण वजदी आला नाही. जो आलाच नाही तो गेला, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

तू जाताना बोललीस ते मी विसरलेली नाही. "उम्मी, तुम्ही मला धड बायको राहू देत नाही, धड विधवा होऊ देत नाही." एवढं बोलून सुरी घेऊन भोपळ्याकडे निघालीस. मी आडवी आले. तू पिशवी उचललीस आणि धक्क्यावर गेलीस.

भोपळा आहे तिथेच आहे.

मब्रूका


१३ सप्टेंबर

सिहेम,

तुझं उत्तर आलं नाही. भावजी म्हणाले, तू पत्र त्यांच्यासमोर उभ्या उभ्या वाचलंस आणि घडी करून ठेवलंस. तेही पुष्कळ झालं.

मागच्या वेळी भोपळ्याबद्दल एक ओळ लिहून मी पुढे पळाले. तू शहरातली, तुला आमच्या बेटाची रीत पोरकट वाटते. पण रीत साधी आहे. बियाण्यासाठी राखायच्या फळाला घरातलं एक माणूस आपल्या अंगावरच्या जुन्या कपड्याची चिंधी बांधतं. ज्याने बांधलं त्यानेच ते फळ उघडायचं. तो माणूस जिवंत असेतो दुसऱ्या कुणी सुरी लावायची नाही. तो गेला, तर मग घरातल्या मोठ्याने उघडायचं, आणि बिया दारोदार वाटायच्या. म्हणजे सगळ्यांना कळतं. आमच्याकडे तोंडाने सांगायच्या आधी बिया सांगतात.

वजदीने गेल्या सप्टेंबरात आपला निळा सदरा फाडून चिंधी बांधली आणि मला म्हणाला, "मी येईपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही हं, उम्मी." मी म्हटलं, "कुठे निघालास?" हसला. त्या आठवड्यातच गेला. आता तूच सांग, मी सुरी कशी लावू?

वेल डिसेंबरातच वाळून सुतळी झाला. भोपळा मात्र अजून लाल आहे, घट्ट आहे. नख रुतत नाही. वर्षभराचा भोपळा असा राहत नाही हे मला कळतं. माझा जन्म भाज्या पिकवण्यात गेलाय. मी ते तुला लिहिलं नाही, कारण तू म्हणाली असतीस की म्हातारीने नवा आणून ठेवला.

आता दुसरं. भोपळ्याभोवतीची बडीशेप मेली. रोपं बोटभर वर आली होती, हिरवीगार. एका सकाळी पाहते तर भोपळ्याभोवती गोल रिंगण धरून सगळी पिवळी पडून आडवी. मातीवर पांढरा पापुद्रा. शेदलिया भिंतीवरून डोकावली आणि म्हणाली, "खत ओतलंस काय गं भसाभस?"

"मी काय काल परस करायला लागले?"

ती आत आली, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली. "मीठ."

दोघींनी विहिरीचं पाणी पिऊन पाहिलं. गोड. ह्या बेटावर किती विहिरी खाऱ्या झाल्या, पण आपली गोड आहे, अल्लाची कृपा. मग मीठ आलं कुठून? मुख्तार भावजी म्हणाले, "वैनी, तुम्ही रडत रडत पाणी घालत असाल." त्यांना वाटलं मी हसेन. मी हसलेही. पण सिहेम, मी परसात कधी रडत नाही. परसात कामं असतात.

मब्रूका


१९ सप्टेंबर

सिहेम,

आज जे लिहिते आहे ते वडिलांना दाखवू नकोस. मास्तरांना तर मुळीच नको.

रिंगण वाढतंय. सलगमांचा वाफा गेला. गाजरांचा अर्धा गेला. मी रोज सकाळी वरची माती खरवडून टोपलीने बाहेर टाकते, विहिरीचं पाणी सोडून वाफा धुते, आणि दुसऱ्या दिवशी पापुद्रा पुन्हा हजर. पालथ्या घड्यावर पाणी. भोपळा सकाळी ओला असतो. दव म्हणावं तर बाजूची पानं कोरडी. फडक्याने पुसला तर ऊन चढेपर्यंत पुन्हा ओला. फडकं वाळून कडक होतं, मीठ धरतं.

शेदलियाला वाटलं, भोपळा उचलून दगडावर ठेवावा, म्हणजे खालची माती तरी सुटेल. वाळका वेल अजून देठाला चिकटून होता, एवढ्याने तोही तुटला नसता. दोघींनी दोन बाजूंनी हात घातले. हलला नाही. मी अजून गव्हाचं पोतं उचलते, तू पाहिलं आहेस. तो भोपळा माझ्या मांडीवर मावेल एवढा आहे, आणि दोघींना हलला नाही. शेदलियाने हात झटकून घेतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "थंड लागतो गं. मेला भर उन्हात थंड."

"मेला म्हणू नकोस."

"भोपळ्याला म्हटलं मी."

ती गेल्यावर मी खाली बसले आणि भोपळ्याला कान लावला. सिहेम, आत पाणी आहे. डुचमळतं. समुद्र शांत असला की आतलं पाणी हळू आपटतं, धक्क्याला बांधलेल्या नावेच्या बुडाखाली आपटतं ना, तसं. परवा दुपारी वारा सुटला, मोठ्या लाटा आल्या, कुणी मासेमारीला गेलं नाही. तेव्हा भोपळा आतून ठोठावत होता.

मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. वर्षभर मी त्या मुलाची काहीतरी खूण मागत होते. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक निळ्या सदऱ्याकडे बघत होते. आणि तो माझ्याच परसात, त्याने स्वतः बांधलेल्या फळात हलतोय. हलतो तो जिवंत असतो की नाही? मी रोज कामं आटपली की जाते आणि कान लावून बसते. त्याला घरातलं सांगते. तू माहेरी आहेस हे सांगितलं नाही. म्हटलं, सिहेम बाजाराला गेलीय.

वाफे गेले तर जाऊ देत. भाजी विकत मिळते.

तू ये. तू कान लावून बघ आणि मग सांग की मी वेडी आहे.

मब्रूका


२४ सप्टेंबर

सिहेम,

आज मला कुणाचातरी राग काढायचा आहे, आणि तू लांब आहेस म्हणून तुझ्यावर काढते. मग पुढचं सांगते. तू त्याला अडवायला हवं होतंस. बायको होतीस ना? आई तर तुम्ही होतात, असं तू म्हणशील. बरं. झालं काढून.

शेदलियाचं परस मरायला लागलंय. भिंतीच्या पलीकडे तिने वाल टोकले होते, कोथिंबीर आणि पालक होता. अनीस गेल्यापासून ती बाई दुसरं काही करत नाही, दिवसभर त्या तीन वाफ्यांत वाकलेली असते. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, तसं तिचं जळालं. मीठ भिंतीखालून गेलं.

काल ती दारातून आली नाही, भिंतीवरूनच बोलली. शेदलिया ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती हळू बोलली.

"मब्रूका, उघड ते."

"माझा मुलगा आहे तो."

"मग माझा कोण होता? पण माझ्या वाट्याला माती आली. मी तिथे जाते, बसते, गवत उपटते. तुझा पाण्यात आहे. तू त्याला चिंधीने बांधून पाण्यात ठेवलंयस."

"तू आईच्या तोंडाने बोलतेस की शेजारणीच्या? तुझी कोथिंबीर मेली म्हणून माझ्या मुलाला मारायला निघालीस?"

ती भिंतीवरून खाली उतरली. मला वाटलं, गेली. मग भिंतीपलीकडून कुदळीचा आवाज येऊ लागला. ती आपले मेलेले वाल उपटत होती.

मी तरीही भोपळ्यापाशी जाऊन बसले. हट्ट म्हण. चिंधी पाहिली. ती वर्षभर सैल होती, बोट आत जायचं. आता गाठ देठात रुतलीय. कुणी बांधली? मी नाही बांधली. निळा रंगही नव्यासारखा झालाय, धुतल्यासारखा.

तेवढ्यात मुख्तार भावजी बोटीवरून परत आले आणि म्हणाले, "वैनी, सुनेचा निरोप आहे. चिठ्ठी दिली नाही. तोंडीच सांगा म्हणाली."

मी म्हटलं, "मास्तरांचा साखरपुडा ठरला असेल. सांगा."

त्यांनी टोपी काढली. त्या माणसाला मी आजवर थट्टेशिवाय बोलताना ऐकलेलं नाही. म्हणाले, "ती म्हणाली, 'उम्मींना सांगा, वजदीला पाण्याची भीती वाटते.' एवढंच म्हणाली."

सिहेम, हे तू का सांगितलंस? मला माहीत नव्हतं का? मच्छीमाराचा मुलगा, आणि गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेला नाही. त्याचा बाप त्याला उचलून नावेत टाकायचा आणि तो माझ्या नावाने किंचाळायचा. म्हणून तर मी त्याला परसात घातला, कुदळ हातात दिली. म्हटलं, तू मातीतला हो, बेटावर कुणीतरी मातीतलंही लागतं. तो नावेत बसला तेव्हा त्याने डोळे मिटले असतील.

आणि मी वर्षभर दारात उभी राहून त्याला म्हणते आहे, थांब तिथेच, मी अजून हो म्हटलेलं नाही.

पुढचं लिहवत नाही. भावजी सकाळच्या बोटीची वाट बघतायत, पत्र देते आहे.

मब्रूका


२७ सप्टेंबर

सिहेम, पोरी,

उघडला.

काल सकाळी नमाज झाली, ऊन वर आलं, मग शेदलियाला हाक मारली. म्हटलं, एकटीने करवणार नाही. ती ओल्या हातांनीच आली. माझ्यावर रागावलेली होती, तरी आली. तिने मला एकच विचारलं, "सुरी धारेची आहे ना? त्याला उगाच त्रास नको." मी म्हटलं आहे.

आधी चिंधी सोडायची असते. गाठ सुटेना. नखं दुखली. मी म्हटलं, "वजदी, मी आहे, सोड." सुटली. मी काही सजवून सांगत नाही, गाठ आपोआप ढिली झाली. शेदलियाने पाहिलं, तिला विचार.

बिस्मिल्ला म्हणून सुरी लावली. आत गर नव्हता. धागेही नव्हते. पाणी आलं. स्वच्छ, आणि इतकं थंड की या दिवसांत आपला समुद्रही तेवढा थंड नसतो. वाहायला लागलं ते थांबेना. त्या भोपळ्यात मावेल त्याहून कितीतरी जास्त. वाफ्यातून पाटात गेलं. पाटाला उतार भिंतीकडून वाफ्यांकडे आहे, तुला माहीत आहे, वजदीनेच तो काढलाय. पाणी त्या उतारावर उलट चढलं, भिंतीकडे गेलं, समुद्राच्या बाजूला, आणि दगडांतून बाहेर पडलं.

मला ते जाऊ द्यायचं नव्हतं. खोटं कशाला बोलू? मी दोन्ही हातांची ओंजळ करून खाली धरली. भरली की सांडायची. बादली आणायला उठले तर शेदलियाने मला मागून घट्ट धरलं. "जाऊ दे गं. वर्षभर थांबलाय तो. अडवू नकोस." मी तिला लाथा मारल्या, या वयात. तिने सोडलं नाही. तशाच आम्ही दोघी चिखलात बसून राहिलो, शेवटचा थेंब जाईपर्यंत.

मी हात चाटून पाहिला. खारट. समुद्राचंच होतं.

मग मी रडले, परसात बसून. सगळं गाव ऐकेल असं. वर्षभराचं होतं, आणि मी लाजले नाही.

भोपळ्याचं कवच हलकं झालं होतं, वाळलं होतं, एका हाताने उचललं. बुडाशी बारीक वाळू होती, आणि वाळूत बिया. सगळ्या पांढऱ्या, टपोऱ्या, एकही पोचट नाही.

त्या मी वाटल्या. पदरात बांधल्या आणि निघाले. पहिलं दार शेदलियाचं. ती पुढे धावत जाऊन आपल्याच दारात उभी राहिली, कारण रीतीप्रमाणे घेणाऱ्याने दारात उभं राहायचं असतं. मी तिच्या हातावर बिया ठेवल्या. तिने घाई केली नाही. मग मी म्हटलं, "माझा वजदी गेला." तिने मूठ मिटली आणि म्हणाली, "अल्ला त्याच्यावर रहम करो. शेजारी शेजारीच खेळायचे दोघं." पुढची दारं सोपी गेली. सोपी नाही, पण गेले.

लोक बाहेर येऊन उभे होते. कुणी मला विचारलं नाही की एवढा उशीर का. मुख्तार भावजींनी बिया घेतल्या आणि घरात गेले, त्यांना रडताना कुणी पाहिलेलं आवडत नाही. मशिदीच्या शेखसाहेबांच्या दारी गेले तेव्हा ते म्हणाले, "मब्रूका बाई, मी तुमच्या एका शब्दाची वाट बघत होतो." येत्या शुक्रवारी मशिदीत त्याची नमाज आहे, ज्याचा देह नाही त्याची करतात ती. तू ये. पाहुणी म्हणून नको, घरातली म्हणून ये. सगळ्यांच्या पुढे तुला माझ्याशेजारी बसायचं आहे. तुझं ते बसणं मी वर्षभर अडवून धरलं. शोकाचे दिवस त्या दिवसापासून धर आणि नीट पाळ, कमी करू नकोस, माझ्याकडे बघून जास्तही करू नकोस.

आज सकाळी वाफा पाहिला. पापुद्रा नाही. काही उगवलेलंही नाही, एवढ्यात कुठलं. कुदळून ठेवला आहे. शेदलियाचे वाल मी माझ्या घरच्या बियाण्यातून पुन्हा टोकून दिले. ती म्हणाली, "वाकडी ओळ काढलीस." म्हणजे आमचं जुळलं.

या पत्रात कापडाची पुरचुंडी आहे. त्यात तुझ्या वाट्याच्या बिया आहेत, मूठभर. सगळ्यांत चांगल्या निवडल्या. भावजींना सांगितलंय, दारात उभी राहिली की तिच्या हातावर ठेवा. हातात घे, आणि जे म्हणायचं असतं ते म्हण, अल्ला त्याच्यावर रहम करो. मोठ्याने म्हण. तुला वर्षभर कुणी म्हणू दिलं नाही.

त्या जपून ठेव. भोपळा मार्चात लावायचा. कुठे लावायचा याला रीतीत काही बंधन नाही. तुझ्या बापाच्या गच्चीवर लावलास तरी चालेल. आणि तुझे दिवस संपल्यावर पुढे कधी दुसऱ्याच्या परसात लावलास, तरी माझं काही म्हणणं नाही. असतं तर लिहिलं असतं, मी मनात ठेवणारी नाही.

मास्तरांना विचारून ठेव, त्यांच्या घरामागे जागा किती आहे. भोपळ्याला पसरायला जागा लागते.

तुझी उम्मी
मब्रूका